लॉ कॉलेजात प्राणी कायद्याचा सेल चालवायचाय? दरवर्षी विचारले जाणारे तेच ते प्रश्न

दोन वर्षं मी आमच्या कॉलेजच्या प्राणी कायदा सेलची कन्व्हेनर होते. आता फायनल इयरला आहे, तरी ॲडमिशनच्या राउंड संपल्या की रात्री अकराला मेसेज सुरू होतात, ताई सेल जॉईन कसा करायचा, ताई पोलीस घेतच नाहीयेत, ताई होस्टेलमागं पिल्लं झालीत काय करू. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढते. आमचं कॉलेज पुण्या-मुंबईचं नाही, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून आहे, तेव्हा उदाहरणं तिकडचीच येणार, सांभाळून घ्या.

हा सेल म्हणजे नक्की काय? कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्यांचा ग्रुप ना?

नाही. बिस्किटं घालायला लॉ कॉलेज लागत नाही (आणि पार्ले-जी घालूच नका, साखर असते त्यात). आमचं काम कागदाचं. तक्रार लिहून देणं, अर्ज टाकणं, माहिती मागवणं, नियम काय म्हणतो ते ज्याला माहीत असायला हवं त्याला जाऊन सांगणं, मग तो हवालदार असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो नाहीतर साखर कारखान्याचा शेती अधिकारी. जखमी जनावर उचलायला १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री नंबर आहे आणि गावागावात प्राणिमित्र आहेत, ते आपल्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं काम करतात. पण त्या प्राणिमित्रांना कलम माहीत नसतं आणि अर्ज लिहायचा कंटाळा असतो. आपली जागा तिथं आहे.

सुरू कसा करायचा? प्रिन्सिपल सर नाही म्हणाले तर?

आम्हाला आधी नाहीच म्हणाले. नवीन सेल म्हणजे नवीन बजेट, नवीन इन्चार्ज मॅडम, नॅकच्या फाईलला आणखी एक पान, कोण कशाला मागं लागेल. मग एका सिनियरनं डोकं लावलं. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक, म्हणजे मोफत कायदा सल्ला केंद्र, असावंच लागतं आणि ते सिनियर विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालवायचं असतं. म्हणजे ते आधीपासून आहेच, कागदावर तरी. आम्ही त्याच्याच पोटात 'प्राणी विषयक तक्रारी' असा एक टेबल मागितला. सर लगेच हो म्हणाले कारण लीगल एडच्या रजिस्टरला तसंही वर्षभर कुणी हात लावला नव्हता. तुम्हीही हेच करा. नाव, लोगो, उद्घाटनाला पाहुणे हे सगळं नंतर.

मी फर्स्ट इयरला आहे, मला अजून कायदा येत नाही. चालेल का?

चालेल की. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उणीपुरी ४१ कलमांचा आहे, एका दुपारी वाचून होतो. खरं तर लास्ट इयरवाल्यांपेक्षा तुम्हीच कामाचे, त्यांना कॅम्पस इंटरव्ह्यू, ज्युडिशियरीचे क्लास, लग्न, सगळंच असतं. कायदा वाचताना मात्र कलम ११ वर थांबून नीट वाचा, कारण क्रूरता म्हणजे काय याची सगळी यादी त्यात आहे, मारणं, जादा ओझं लादणं, जखमी जनावराला कामाला जुंपणं, दाटीवाटीनं कोंबून नेणं, झुंज लावणं. आणि त्याच कलमातली शिक्षा वाचून आधी हसून घ्या. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांत परत केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयाला किंमत होती हो, आता आमच्या कॅन्टीनला दोन मिसळ येत नाहीत तेवढ्यात. वाढवायचं म्हणून २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला होता, त्याचा कायदा झालेला नाही.

पोलीस स्टेशनला गेल्यावर काय होतं?

यावर जरा जास्त लिहिते, कारण ९० टक्के पोरं इथंच गळतात.

माझी पहिली तक्रार अशी. एका अपार्टमेंटच्या वॉचमननं जिन्याखाली झोपलेल्या कुत्रीला लोखंडी पाईप घातला, मागचा पाय मोडला. मी आणि माझी मैत्रीण, दोघी वहीचं पान फाडून त्यावर तक्रार लिहून गेलो, मोठ्या तोऱ्यात 'कलम ११ प्रमाणे गुन्हा दाखल करावा' असं लिहिलेलं. ठाणे अंमलदारांनी वाचलं, चहा घेतला, परत वाचलं आणि म्हणाले, मॅडम ही एनसी होते, अदखलपात्र, घ्या सही करा. आम्ही भांडलो. फेसबुकवर टाकू वगैरे म्हणालो. त्यांनी शांतपणे कॉपी दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आता कळतंय की ते बरोबर होते आणि आम्ही चूक.

कसं ते बघा. त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये ठरावीकच प्रकार दखलपात्र केलेत, जनावराचा अवयव तोडणं किंवा क्रूरपणे मारून टाकणं, झुंजीचा अड्डा चालवणं, नेमबाजीसाठी जनावर वापरणं, आणि कलम १२ मधला दुधासाठी इंजेक्शन टोचण्याचा प्रकार. नुसती मारहाण त्यात बसत नाही. मग एनसीच होणार, आणि बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण पाय मोडणं म्हणजे अपंग करणं, आणि ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. जुन्या आयपीसीत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती, जनावराची किंमत १० रुपये का ५० रुपये यावर शिक्षा ठरायची, १ जुलै २०२४ पासून ती किंमतीची अट गेली. आम्ही ३२५ लिहिलंच नव्हतं आणि पाय मोडल्याचा पुरावाही नेला नव्हता, अंमलदारांनी काय आमच्या तोंडाकडं बघून मोडलेला पाय मानायचा?

दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांचा दाखला घेतला, कोणता पाय, कोणतं हाड, जखम किती ताजी, एक्स-रे जोडलेला. तो आणि नव्यानं टाईप केलेली फिर्याद घेऊन गेलो. तेच अंमलदार, तोच चहा. यावेळी मात्र साहेबांकडं पाठवलं. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस डीवायएसपींच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, ती त्यांनी केली, आणि मग गुन्हा दाखल झाला. आणि हो, वकील पुढं मुद्दा काढतातच की भटक्या कुत्र्याला मालक नाही मग नुकसान झालं कुणाचं, कारण ३२५ हे मुळात 'आगळीक' (मिस्चीफ, म्हणजे मालमत्तेचं मुद्दाम नुकसान) या गुन्ह्याचं भावंड आहे. व्याख्येत 'जनतेचं' नुकसानही आहे, तो मुद्दा तयार ठेवा.

तर दाखला आधी, फिर्याद नंतर, भांडण कधीच नाही.

एनसी झाली म्हणजे विषय संपला का?

संपला नाही पण घड्याळ सुरू झालं. कलम ३६ बघा, या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, नंतर नाही. तीन महिने म्हणजे किती? आमच्याकडं इंटर्नल, सबमिशन आणि युनिव्हर्सिटीची परीक्षा धरली तर एक झोप. आमच्या पहिल्या वर्षात चार एनसी अशाच मेल्या, कुणी लक्षच ठेवलं नाही, परीक्षा संपवून आलो तर मुदत उलटलेली. तेव्हापासून रजिस्टरला लाल पेनचा एक कॉलम आहे, 'घटनेची तारीख अधिक तीन महिने'. मॅजिस्ट्रेटकडं खासगी तक्रार करायची असेल तर पन्नासाव्या दिवसापर्यंत एखाद्या वकिलाच्या टेबलावर कागद गेलाच पाहिजे.

आम्ही स्वतः कोर्टात उभं राहू शकतो का?

वकील म्हणून नाही. सनद नाही तोवर काळा कोट घालून फोटो काढायचाही मोह आवरा, बार असोसिएशनचे लोक चिडतात. तक्रारदार म्हणून किंवा याचिकाकर्ता म्हणून मात्र कुणीही नागरिक जाऊ शकतो, विद्यार्थीसुद्धा. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेच्या झाडांसाठी लॉच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सुट्टी चालू असताना ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं स्पेशल बेंच बसवून तोड थांबवली. हे उदाहरण भाषणात सगळे देतात. पुढचं कुणी सांगत नाही, की तोवर २,००० हून जास्त झाडं पडून झाली होती. प्राण्यांचं नाही ते प्रकरण, पण विद्यार्थ्याच्या एका पत्राची ताकद किती आणि उशीर किती महागात पडतो हे दोन्ही त्यात आहे म्हणून सांगितलं.

आमच्याकडं दोन ज्युनियर वकील आहेत, याच कॉलेजचे, ते फी घेत नाहीत पण ड्राफ्ट आमच्याकडून करून घेतात आणि त्यात लाल रेघा ओढून परत देतात. ड्राफ्टिंगच्या पेपरला मला जे मार्क पडले ते त्या लाल रेघांचे.

ऊसाच्या बैलगाड्या आमच्या गेटवरून जातात, बैलांचे हाल बघवत नाहीत. गाडीवाल्यावर केस करू का?

हा प्रश्न दर डिसेंबरला येतो. आधी नियम सांगते. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांच्या वर नाही, आणि जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. अणकुचीदार काठी वापरायला बंदी, म्हणजे आपल्या भाषेत पराणीला आर नको. वजनाच्याही मर्यादा आहेत, बैलाचा आकार आणि गाडीचं चाक कसलं यावर. हे सगळे नियम आमच्या गेटसमोर रोज मोडतात, उघड्या डोळ्यांनी.

मी सेकंड इयरला असताना फेब्रुवारीत दुपारी दीडच्या सुमाराला कॉलेजच्या चढावर एक गाडी अडकली. डावीकडच्या बैलाची खांद सुजून वाटीएवढी झाली होती, जू टेकलं की कातडी थरथरायची, माश्या बसलेल्या. मी मोबाईल काढला, शूटिंग सुरू केलं, आणि गाडीवाल्याला म्हटलं की हा गुन्हा आहे. तो खाली उतरला, चाकाला दगड लावला, बैलाच्या मानेवर ओलं फडकं टाकलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, बैल माजा, उचल मुकादमाची, टन कारखान्याचं. तुमी नेमका कुनावर कागद करनार?" गाडीवर वर उसाच्या मोळ्यांवर त्याची बायको बसलेली, मांडीवर पोर. मी मोबाईल खिशात टाकला.

केस करता आली असती. कलम ११ स्पष्ट आहे, अशक्त किंवा जखमी जनावर कामाला लावणं गुन्हाच. ५० रुपये दंड झाला असता, बैल मुद्देमाल म्हणून ताब्यात गेला असता, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे, म्हणजे आगाऊ पैसे अंगावर असलेला माणूस एका बैलावर हंगाम कसा काढणार होता ते आम्हाला माहीत नव्हतं. बैल काही आमच्या होस्टेलला राहणार नव्हता.

मग आम्ही कागद कारखान्याला केला. शेती अधिकाऱ्यांना पत्र, नियमांची मराठी प्रत जोडून, तीनच मागण्या. वजनकाट्याच्या लायनीत गाड्या भर दुपारी जुंपलेल्या उभ्या राहतात त्यांना आधी सोडा, तळावर पाण्याचा हौद आणि सावली करा, आठवड्यातून एकदा पशुवैद्यकीय डॉक्टर येऊ द्या. पत्राची प्रत कलेक्टर ऑफिसला, कारण जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीचे अध्यक्ष कलेक्टर असतात. दीड महिना काही नाही. मग हौद झाला. डॉक्टर दर रविवारी यायला लागले, खांदेसुजीवर मलम, खुरांना औषध. आम्ही तळावर बसून पराण्यांच्या आरा काढल्या, पक्कड घेऊन, एका दिवसात चाळीसेक, त्याच्या बदल्यात जुवाला गुंडाळायला जुन्या ट्यूबचं रबर दिलं. पुढच्या आठवड्यात बघितलं तर निम्म्या पराण्यांना परत आर होती. लायनीचं तर अजूनही तसंच आहे.

तो चढावरचा गाडीवाला त्या हंगामात परत दिसला, त्याच्या डाव्या बैलाला त्यानं उजवीकडं जुंपलं होतं.

कॅम्पसमधल्या कुत्र्यांचं काय? सुप्रीम कोर्टानं तर सगळी उचलायला सांगितलीत म्हणे.

'म्हणे' वर कधीच काम करू नका, ऑर्डर काढून वाचा. थोडक्यात क्रम असा. ११ ऑगस्ट २०२५ ला दोन जजच्या बेंचनं दिल्ली-एनसीआर मधली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन जजच्या बेंचनं ते बदललं, नसबंदी, लस आणि जंताचं औषध करून कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं, रेबीज झालेलं किंवा आक्रमक असेल ते सोडून, आणि वॉर्डावॉर्डात खायला घालायच्या जागा ठरवायच्या, रस्त्यात कुठंही नाही. आणि विषय देशभरासाठी वाढवला. मग ७ नोव्हेंबरची ऑर्डर आली ती आपल्या थेट अंगावर, शाळा-कॉलेजं, हॉस्पिटल, क्रीडा संकुल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची आणि परत तिथं सोडायची नाहीत.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर नुसतं रडणं आणि शिव्या. होस्टेलच्या पोरींनी तीन कुत्र्या खोलीत लपवल्या होत्या. मी कन्व्हेनर म्हणून जे केलं ते सगळ्यांना पटलं नाही. आदेश आवडो न आवडो, आपण लॉचे विद्यार्थी, लपवाछपवी आपण करायची नाही. सरांना पत्र दिलं की कॉलेज स्वतःहून नगरपालिकेला कळवेल तेव्हा नुसतं 'कुत्री न्या' असं लिहू नये. उचलणं २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे नसबंदीच्या) नियमांप्रमाणे होईल का, कुठं ठेवणार, नसबंदी झालेल्यांच्या कानाला खूण आहे ती नोंदवणार का, हे विचारावं. सात कुत्र्यांची यादी केली, फोटो, लसीच्या तारखा. तीन कुत्र्यांना माणसं मिळाली, त्यांनी घरी नेली. दोघी ग्रुप सोडून गेल्या, मला 'सरकारी' म्हणून. चालायचंच. हा मॅटर त्यानंतरही पुढं चालला, तेव्हा काहीही करण्याआधी सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवरून ताजी ऑर्डर उतरवून घ्या.

माझ्या घरीच शर्यतीचा बैल आहे. मी सेलमध्ये येऊ शकतो का?

ये बाबा, तुझ्यासारखेच पाहिजेत. आमच्या सेलमधला सगळ्यात चांगला पोरगा गाडामालकाचा आहे, मैदानात काय चालतं ते त्यालाच माहीत. कायदा असा आहे की २०१४ च्या निकालानं शर्यती बंद झाल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच जजच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांच्याही दुरुस्त्या कायम केल्या. म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे, पण कलेक्टरच्या परवानगीनं आणि नियम पाळून. मोर्चे काढण्यापेक्षा परवानगीच्या अटींची प्रत हातात घेऊन मैदानात उभं राहा, शेपूट पिरगळणं, बॅटरीचा शॉक, चाबूक, हे कुठं दिसतंय का बघा.

आणि मूट, म्हणजे नकली खटल्याची स्पर्धा करणाऱ्यांना एक विनंती. २०१४ च्या नागराजा निकालातले प्राण्यांच्या हक्कांचे सुंदर परिच्छेद पाठ करून येता आणि २०२३ च्या घटनापीठानं प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वीचा दाखला नाही असं म्हटलंय ते वाचतच नाही. समोरच्या टीमनं वाचलं असेल तर पाचव्या मिनिटाला खेळ खल्लास.

माधुरीच्या प्रकरणात सेलनं कुठली बाजू घेतली?

कुठलीच नाही, आणि त्याबद्दल दोन्हीकडून बोलणी खाल्ली. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, १६ जुलै २०२५ ला हायकोर्टानं तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवायचा आदेश दिला, २८ जुलैला सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला, आणि मग कोल्हापुरात जे झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. आमच्यातली चार पोरं शिरोळ तालुक्यातली. त्यांच्या घरात आज्जी जेवली नव्हती. आणि इकडं सेलमधली बाकीची 'शेवटी सुटली बिचारी' म्हणून हार्ट टाकत होती.

मी ग्रुप दोन दिवस बंद केला, फक्त ॲडमिन मेसेज. शनिवारी कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये निकालाच्या प्रिंट काढून बसलो, एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी खुणा करायच्या. तिच्या पायांबद्दल तपासणीत काय लिहिलंय, मठानं काय म्हणणं मांडलं, कोर्टानं हत्तीणीच्या भल्याला धार्मिक वापराच्या वर कसं ठेवलं. शिरोळचा एक जण वाचता वाचता गप्प झाला. दुसरा म्हणाला निकाल पटतोय पण एवढ्या लांब कशाला, इथंच सोय करता आली नसती का. हा प्रश्न चांगला होता, त्यावर दोन तास गेले. एवढंच केलं आम्ही.

गाईंचे ट्रक अडवायला बोलावतात, जायचं का?

नाही. महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा, २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूही त्यात आले, ती अंमलबजावणी पोलिसांची. रस्त्यात गाडी थांबवून माणसाला मारहाण करणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. वाहतुकीत दाटीवाटी दिसली तर गाडी नंबर, वेळ, जागा लिहून ११२ ला फोन करा. कुणाच्या खिशात 'पशुकल्याण अधिकारी' असं कार्ड असेल तर आधी ते कुणी दिलंय ते विचारा, झेरॉक्सच्या दुकानात पण मिळतात.

आरटीआय कसा टाकायचा?

दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस वाट, उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पण प्रश्न नीट विचारा. 'आपण भटक्या कुत्र्यांसाठी काय करता' असं विचारलं की 'योग्य ती कार्यवाही चालू आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं, आमच्या फाईलला त्याच्या तीन प्रती आहेत. असं विचारा, मागच्या आर्थिक वर्षात किती नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, महिन्यावार, ठेकेदाराला दर कुत्र्यामागं किती पैसे दिले, बिलांच्या प्रती, एबीसी नियमांप्रमाणे नेमलेल्या देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. आमच्याकडं उत्तर आलं की समितीची बैठक 'निरंक'. त्या एका शब्दाच्या जोरावर आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडं तीन चकरा मारल्या आणि समिती बसवली.

व्हेज व्हायला लागतं का?

नाही. बुधवारी-रविवारी कोण काय खातं हे मी विचारत नाही. एका वर्षी एका मुलानं मीटिंगमध्ये हा विषय काढला, पाऊण तास भांडण, अजेंडा तसाच राहिला. तेव्हापासून तो विषय मीटिंगच्या बाहेर, चहाच्या टपरीवर.

परदेशात हे कसं चालतं?

अमेरिकेत बरंच आधी सुरू झालं. ओरेगनमधल्या लुईस अँड क्लार्क लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९९२ च्या सुमाराला ग्रुप काढला आणि १९९५ पासून फक्त प्राणी कायद्यावरचं जर्नल विद्यार्थीच काढायला लागले, हार्वर्डला हा विषय त्यानंतर, २००० मध्ये शिकवायला घेतला. म्हणजे पोरं आधी, सिलॅबस नंतर. आपल्याकडं हैदराबादच्या नाल्सारमध्ये प्राणी कायद्याचं केंद्र आहे, तिथले कोर्सेस बघत जा.

याच्यात करिअर आहे का?

पोट भरेल एवढं फक्त प्राण्यांच्या केसेसवर तालुक्याच्या गावात मिळणार नाही, खोटं कशाला बोलू. दिल्ली-मुंबईत संस्थांमध्ये कायद्याच्या नोकऱ्या असतात, थोड्या. पण पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवड्यांची इंटर्नशिप तशीही करायचीच आहे, त्यातले चार आठवडे इकडं द्या. पोलीस स्टेशन, मॅजिस्ट्रेट कोर्ट, कलेक्टर कचेरी, नगरपालिका सगळीकडं फिरून झालेलं असतं, हे कुठल्याही ऑफिसात चालतं.

मी कन्व्हेनर झाले/झालो तर पहिलं काम काय?

आपल्या जागी पुढं कोण, ते बघणं. गंमत नाही करत. जुलैत साठ जण गुगल फॉर्म भरतात, दिवाळीनंतर सात उरतात, त्यातले चार पुढच्या वर्षी पास आउट. आमच्या आधीच्या कन्व्हेनरचं काम झकास होतं, पण सगळं त्याच्या मोबाईलमध्ये. तो पास झाला, मोबाईल बदलला, दोन वर्षांच्या तक्रारी गेल्या, कुणाचा नंबर नाही, कुठली एनसी कुठं पोचली काही पत्ता नाही. आम्ही शून्यापासून सुरुवात केली.

म्हणून आता रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, २०० पानी, कॉलेजच्या शिक्क्याचं, लीगल एडच्या कपाटात. प्रत्येक तक्रारीला एक पान, मोबाईलमधले फोटो पेन ड्राईव्हवर, पोचपावती चिकटवलेली. किल्ली दोघांकडं आणि त्यातला एक सेकंड इयरचाच पाहिजे, हा नियम मी घातलाय आणि मोडू देत नाही. मीटिंग दर पंधरा दिवसांनी, अर्धा तास, सुरुवात लाल कॉलमपासून, कुठली तारीख जवळ आलीय. एखाद्याचं नुसतं प्राण्यांवर प्रेम असेल तर त्याला फीडिंगच्या यादीत टाका, ज्याचं अक्षर चांगलं आहे आणि जो वेळेवर येतो त्याला रजिस्टर द्या.

मे महिन्यात मी किल्ली दिली. सेकंड इयरची पोरगी आहे, फार बोलत नाही. परवा तिचा मेसेज आला, पान ६३ वरच्या एनसीला अठरा दिवस राहिलेत, वकीलसाहेबांना फोन मी करू का तुम्ही करता. मी लिहिलं, तू कर.